पट्टेवालीचा ठावठिकाणा

पट्टेवालीचा ठावठिकाणा कालपासून लागत नव्हता.

अक्षरा बिराजदार रोज सकाळी उठल्या उठल्या फोनवर नकाशा उघडून बसायची. तिची आई शिवगंगाबाई म्हणायच्या, "देवाला हात जोडायच्या आधी लांडग्याला जोडते ही पोरगी." त्यात खोटं काही नव्हतं. पुण्याच्या एका संस्थेसाठी अक्षरा मराठवाड्यातल्या लांडग्यांचा अभ्यास करत होती. ते फिरतात कुठं, खातात काय, उसातून नि रस्त्यांतून वाट कशी काढतात, हे तिला शोधायचं होतं. काम लातूर जिल्ह्यातच असल्यामुळं तिनं मुक्काम मुरुडला, आईवडिलांकडंच ठेवला होता. दिवाळीच्या सुमाराला एका लांडगीला बेशुद्ध करून तिच्या गळ्यात पट्टा बांधला होता. त्या पट्ट्यातलं यंत्र दर काही तासांनी उपग्रहाकडून आपली जागा कळवायचं, आणि नकाशावर एक लाल ठिपका उमटायचा. मेंढपाळांनी त्या लांडगीला पट्टेवाली म्हणायला सुरुवात केली, आणि पुढं संस्थेतली माणसंही तेच नाव घेऊ लागली.

दोनेक महिन्यांत अक्षराला तिच्या वाटा आपल्या गल्लीसारख्या पाठ झाल्या होत्या. रात्रभर चालून ती मुरुडच्या माळावरून थेट तेरणेच्या काठापर्यंत जायची. दिवसा करडईच्या रानात पडून राहायची, काट्यामुळं तिथं कुणी फिरकत नाही म्हणून. हमरस्ता ओलांडायचा तर नेहमी एकाच मोरीखालून. असं पायाला भिंगरी लावलेलं जनावर चार दिवसांपूर्वी किल्लारीच्या पुढं एका जागी थांबलं. ठिपके एकावर एक पडत गेले, मग विरळ झाले, आणि काल सकाळनंतर एकही आला नाही.

अक्षराला भागवतची आठवण झाली. भागवत हा त्या भागात मेंढरं घेऊन फिरणारा धनगर. मागच्या आठवड्यात त्याचं कोकरू गेलं होतं. तेव्हा तो तिच्या तोंडावर म्हणाला होता, "ताई, तुमच्या त्या पट्टेवालीला आवरा. न्हाई तर मेलेल्या कोकरात औषध भरून ठेवतो मी." औषध म्हणजे पिकावर फवारायचं विष. ते खाल्लेलं जनावर फार लांब जात नाही. जिथं पडतं तिथंच ठिपके साचत राहतात.

तिनं रविकिरणला फोन लावला. तो तिचा सहकारी. संस्थेची जीप घेऊन तो इस्लापूरकडच्या जंगलात कॅमेरे बसवायला गेला होता, म्हणजे पार नांदेड जिल्ह्याच्या त्या टोकाला.

"पट्टा तोडून विहिरीत टाकला असेल तरी असंच होतं," तो म्हणाला. मग घाईनं पुढं म्हणाला, "यंत्रच बिघडलं असेल कदाचित. पण जाऊन बघायला पाहिजे. मला आज पोचणं होत नाही. एकटी जाऊ नकोस."

अक्षरानं फोन ठेवला. त्या लांडगीला बेशुद्ध केलं तेव्हा तिचं डोकं आपल्या मांडीवर धरून तीच बसली होती. तिचा एकेक श्वास मोजत होती. आपण पट्टा बांधला नसता, तिला सगळ्यांच्या नजरेत आणलं नसतं, तर ती आज शंभर लांडग्यांतली एक म्हणून जगली असती, असं तिला वाटून गेलं.

तिचे वडील उमाशंकरअप्पा पूजा आटोपून बाहेर आले. कपाळाला विभूती, अंगात बंडी. त्यांचं मुरुडला भुसार मालाचं दुकान होतं आणि ते उघडायची वेळ झाली होती. पोरीचा चेहरा बघून ते खुर्चीवर टेकले.

"काय झालं?"

तिनं सांगितलं. त्यांनी फोन हातात घेतला, चष्मा लावला आणि ठिपक्यांची ती गर्दी बराच वेळ बघत राहिले. नकाशावर तिथं कुठल्याच गावाचं नाव नव्हतं. नुसता राखाडी माळ आणि बाजूनं वळण घेत गेलेली नदी.

"हे बोरसूळ हाय," ते म्हणाले.

"बोरसूळ तर इकडं हाय, अप्पा. रस्त्याच्या कडंला."

"ते नवं. हे जुनं."

अप्पा मूळचे बोरसूळचे, हे तिला माहीत होतं. त्र्याण्णवच्या भूकंपात गाव पडलं, अप्पांची आई आणि धाकटी बहीण त्यात गेल्या, हेही माहीत होतं. पण हे सगळं तिला आईकडून कळलेलं. अप्पा त्याबद्दल कधी बोलले नव्हते. सरकारनं लांब माळावर नवं गाव बांधून दिलं तेव्हा मिळालेलं घर त्यांनी चुलत्याला दिलं आणि स्वतः मुरुडला येऊन दुकानात नोकरीला लागले. जुन्या गावात त्यानंतर त्यांनी पाऊल ठेवलं नव्हतं. दरवर्षी तीस सप्टेंबरला तिथं गावकरी जमायचे, फुलं वाहायचे. अप्पा त्या दिवशी दुकान उघडं ठेवायचे.

"मी जाते," अक्षरा म्हणाली. "नव्या गावातून कुणाला तरी सोबत घेईन."

"तिथं जागोजागी आड हायत, उघडे. वर बाभळी माजल्या असतील. दिसायचे न्हाईत." अप्पा उठले. खुंटीवरचा शर्ट काढून बंडीवर चढवला. "मी येतो."

शिवगंगाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडं बघितलं. मग आत जाऊन धपाटी बांधून आणली.

मोटरसायकलवर अप्पा पुढं, अक्षरा मागं. तिच्या मांडीवर अँटेना आडवी, जुन्या टीव्हीच्या अँटेनासारखीच दिसणारी, आणि गळ्यात दुर्बीण. औसा मागं पडलं. दोन्ही बाजूंनी ज्वारी कणसावर आली होती, हरभरा घाट्यावर होता. थंडीचा वारा तोंडावर येत होता.

तेरणेच्या अलीकडं कालव्याच्या कडंला मेंढरांचा कळप दिसला. भागवत खांद्यावर घोंगडं टाकून काठीला रेलून उभा होता. अक्षरानं गाडी थांबवायला सांगितली. उतरताना तिला वाटलं, आता हा खोटं बोलला तर आपल्याला ओळखू येईल का.

"भागवतमामा, खरं सांगा. औषध टाकलंत का?"

भागवतनं तिच्याकडं बघितलं, मग अप्पांकडं. रागावला नाही.

"बोललो होतो मी. केलं न्हाई," तो म्हणाला. "माझी कुत्री तिथंच फिरतेत, ताई. औषध ठेवलं तर आधी तीच मरतील. रागात माणूस बोलतो." मग काठीनं माती उकरत म्हणाला, "का? मेली काय?"

"माहीत नाही. कालपासून काहीच कळेना."

"मलाबी दिसली न्हाई. रोज सांजच्याला ह्या कालव्यावर पाणी प्यायला यायची. चार दिस झाले, आलीच न्हाई."

अक्षराच्या मनावरचं एक ओझं उतरलं आणि दुसरं चढलं. भागवतवर तिचा विश्वास बसला. पण रोज पाण्यावर येणारं जनावर चार दिवस आलं नाही, ही गोष्ट काही चांगली नव्हती.

जुन्या बोरसूळला जायला आता रस्ता असा नव्हताच. शेताच्या बांधावर गाडी लावून ते दोघं चालत निघाले. समोर दगडांचे ढिगारे, त्यांवर वेडी बाभूळ आणि सीताफळाची झाडं. कुठं एखादा चौथरा, कुठं उंबऱ्याचा घडीव दगड. बाकी गाव म्हणून ओळखावं असं काही उरलं नव्हतं. ढिगाऱ्यांच्या अलीकडं अप्पा थांबले. एक हात बाभळीच्या फांदीवर ठेवून उभे राहिले, श्वास लागल्यासारखे. अक्षरा त्यांच्या शेजारी गेली, पण तिनं त्यांना हात लावला नाही.

"चल," ते थोड्या वेळानं म्हणाले. "माझ्या मागंच राहा."

ते चालू लागले आणि अक्षरा बघत राहिली. जिथं तिला नुसती दगडमाती दिसत होती तिथं अप्पा गल्लीनं चालल्यासारखे वळत होते. "इथं मारुती होता. इकडून जाऊ नको, पुढं आड हाय." त्यांनी वाटेत उचललेल्या काठीनं गवत बाजूला सारलं आणि खरंच तिच्या पावलापासून हातभर अंतरावर काळं गोल तोंड उघडं पडलं. ती एक पाऊल मागं सरली.

तिनं अँटेना डोक्यावर धरून हळूहळू फिरवली. कानाला लावलेल्या यंत्रातून नुसती खरखर येत होती. हा पट्टा उपग्रहाखेरीज स्वतःचीही बीप सोडायचा, थोड्या अंतरावर ऐकू येणारी. बीप सावकाश असेल तर जनावर जिवंत. पट्टा बराच वेळ हलला नाही, की तीच बीप दुप्पट घाईनं येऊ लागायची. अक्षराला ती घाईची बीप ऐकायची नव्हती. पण काहीच ऐकू येत नव्हतं, आणि तेही सहन होत नव्हतं.

एका उंच ढिगाऱ्यावर चढल्यावर खरखरीतून बीपचा एक टक् आवाज आला. मग पुन्हा. इतका क्षीण की दोन बीपांमधलं अंतर धरता येईना.

"त्या बाजूला," ती म्हणाली.

अप्पांनी तिकडं बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "तिथं अमृतरावाची पेवं होती. पाटलाची. चार का पाच."

"पेवं म्हणजे ज्वारी ठेवायची?"

"हाव. माणूस उभा राहील येवढी खोल. तोंड लहान, पोट मोठं. वरून आत पडलेलं जनावर परत वर यीत न्हाई. आमची शेळी पडली हुती एकदा. दोर लावून काढली."

अक्षराला सगळं एकदम समजलं, किंवा समजलं असं वाटलं. लांडगी पेवात पडली. आत आकाश दिसत नाही, म्हणून उपग्रहाला पट्टा सापडत नाही. चार दिवस अन्न नाही, पाणी नाही. ती पुढं धावायला निघाली तसं अप्पांनी तिचं मनगट धरलं.

"सावकाश. तूबी पडशील."

ते वाऱ्याच्या उलट अंगानं, वाकून, एका पडक्या चौथऱ्याच्या आडोशाला आले. तिथून पेवांची जागा खालच्या बाजूला दिसत होती. बीप आता साफ ऐकू येत होती. अक्षरानं डोळे मिटले आणि ऐकलं. एक. मग लांबलचक गप्प. मग एक.

"सावकाश येतीय," ती म्हणाली. "अप्पा, जिवंत हाय."

"मग वर कसं काढायचं?"

तिनं दुर्बीण लावली. पेवाचं तोंड दिसत होतं, कडंला घडीव दगड. पण त्याची एक बाजू केव्हातरी ढासळली होती आणि तिथून आत उतार झाला होता. एखाद्या बोगद्यासारखा. उताराची माती ताजी उकरलेली, आणि ती पायांनी तुडवून घट्ट झालेली. एकदा पडलेलं जनावर अशी माती करत नाही. हे येणंजाणं होतं.

ती खाली बसली. अप्पाही बसले. ऊन चौथऱ्यावर आलं होतं आणि दगड हळूहळू गरम होत होते.

बराच वेळ काही घडलं नाही. मग नदीच्या बाजूनं गवतातून एक लांडगा आला. पट्टा नसलेला, मोठ्या डोक्याचा, राखाडी. थांबला, वास घेतला, पुन्हा चालला. पेवाच्या तोंडाशी येऊन त्यानं मान खाली घातली आणि पोटातलं मांस तिथं ओकून टाकलं. आतून दोन कान वर आले, मग डोकं, मग गळ्यातला तो काळा पट्टा. पट्टेवाली बाहेर आली, पुढचे पाय ताणून तिनं आळस दिला आणि ओकलेलं मांस घाईघाईनं खाऊ लागली. ती आडवी वळली तेव्हा अक्षराला तिचं पोट दिसलं. कातडी लोंबत होती, आचळं दुधानं भरलेली, भोवतीचे केस झडून गेलेले.

अक्षरानं दुर्बीण अप्पांच्या हातात दिली.

"व्याली," अप्पा म्हणाले. अगदी हळू. "पिल्लं हायत आत."

मग अक्षराला रडू आलं. ती तोंडावर ओढणी धरून बसली आणि तिचे खांदे हलत राहिले. चार दिवस पाण्यावर न येणं, ठिपके साचणं, मग गायब होणं, सगळ्याचा अर्थ एकच होता, आणि तो तिनं पुस्तकात कितीदा वाचलेला. लांडगी पिलांना ऊब देत बिळात पडून राहते, नर खाणं आणून देतो. पण विषाची भीती एकदा डोक्यात शिरल्यावर दुसरं काही सुचलंच नव्हतं. दिवाळीला तिला बेशुद्ध केलं तेव्हाच ती गाभण असणार. त्या औषधानं, त्या धक्क्यानं तिचं काही बिघडलं नाही. हे उमगलं तसं कितीतरी दिवस आवळून धरलेलं काहीतरी अक्षराच्या आत सैल झालं.

नर पुन्हा नदीकडं निघून गेला. पट्टेवाली आत गेली. अप्पा दुर्बीण खाली ठेवून पेवाकडं बघत होते.

"त्या पहाटं मी शेतात हुतो," ते म्हणाले. अक्षरानं त्यांच्याकडं पाहिलं नाही. "गणपती बुडवून आलो, आणि घरात उकडतंय म्हणून शेतात झोपायला गेलो. आई म्हणली, घोंगडं ने. सुरेखा माझ्यासंगं येते म्हणत हुती. आईनं तिला पाठवलं न्हाई, पाऊस यील म्हणून."

आत्याचं नाव सुरेखा होतं, हे अक्षराला आज पहिल्यांदा कळलं. आईनं नाव कधी सांगितलं नव्हतं. कदाचित आईलाही ठाऊक नसावं.

"मला वाटायचं, इथं आलो की तोच वास यील. जळत्या चितांचा. म्हणून आलो न्हाई कधी." त्यांनी खोल श्वास घेतला, मुद्दाम, तपासून बघितल्यासारखा. "काहीच न्हाई. गवताचा वास हाय."

थोड्या वेळानं ते उठले. "तू बस. मी येतो." ढिगाऱ्यांमधून वाकून वाकून ते पलीकडं दिसेनासे झाले. अक्षराला त्यांच्या मागं जावंसं वाटलं, पण ती बसून राहिली. अप्पांना इथले आड माहीत होते. ते परत आले तेव्हा पायजम्याला कुसळं चिकटली होती आणि डोळे लाल होते, पण चेहरा हलका होता, तापातून उठलेल्या माणसाचा असतो तसा.

"घर सापडलं?"

"चौथरा सापडला. वर सीताफळ आलंय. लई मोठं."

त्यांचा फोन वाजला. शिवगंगाबाई. अप्पांनी आवाज दाबून सांगितलं, "हाव, सापडली. बरी हाय. न्हाई, मीबी बरा हाय. इथंच बसलोय, जुन्या गावात." मग अक्षराला आईचा आवाज ऐकू आला, "धपाटी खाल्ली का?" खाल्ली नव्हती. दोघांनी ती तिथंच, चौथऱ्याच्या सावलीला बसून खाल्ली.

परतताना कालव्यावर भागवत वाट बघतच उभा होता. अक्षरा बोलायच्या आत अप्पा म्हणाले, "जिती हाय."

भागवतनं डोक्यावरचा रुमाल काढून तोंड पुसलं. "बरं झालं बाप्पा. सकाळपासून माझं चित्त थाऱ्यावर न्हाई. मेली असती तर माझंच नाव आलं असतं."

"मामा, थोडे दिवस मेंढरं नदीच्या त्या बाजूला नेऊ नका," अक्षरा म्हणाली.

भागवतनं तिच्याकडं निरखून बघितलं आणि हसला. "पिल्लं घातली म्हणा की." तिचा चेहरा उतरलेला बघून म्हणाला, "घाबरू नका. कुणाला सांगत न्हाई. जाळी लावायला भिडू मिळत न्हाई म्हणून रातच्याला कोकरं उघडी राहतेत, हेच माझं दुखणं हाय."

"उद्या मी आणि रविकिरण येतो. दुहेरी जाळी लावू."

"या. भाकरी खाऊन जा."

नव्या बोरसूळच्या फाट्यावर अप्पांनी गाडी न सांगताच आत वळवली. सरळ रेषेत आखलेल्या गल्ल्या, एकसारखी घरं, दारापुढं कडुनिंब. एका दारात पांढऱ्या केसांची म्हातारी शेंगा फोडत बसली होती. पार्वतीबाई, अप्पांच्या आईची मैत्रीण. दरवर्षी ती मुरुडच्या बाजाराला येणाऱ्या कुणाकडून तरी निरोप धाडायची, उमाला एकदा इकडं पाठवा म्हणून.

"कोण हाय?" तिनं डोळ्यांवर हात धरला.

"मी उमाशंकर, काकू. ही माझी लेक."

म्हातारी उठून उभी राहिली, तशी मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या. तिनं अप्पांच्या तोंडावरून हात फिरवला, एकदा, दोनदा. कशाला आलास, इतकी वर्षं का आला नाहीस, असलं काहीच विचारलं नाही. "बस," एवढंच म्हणाली, आणि आत सुनेला चहा टाकायला सांगितलं.

चहा झाला, मग शेजारचे आले, मग कुणीतरी हुरड्याचं ताट आणलं. अप्पांना वर्गातला एक जण भेटला, किशनराव, डोक्याचे केस गेलेला. दोघं तळ्यात पोहायला जाऊन मास्तरांचा मार खाल्लेल्या दिवसाबद्दल बोलू लागले आणि हसू लागले. अक्षरानं आपल्या बापाला असं हसताना फार क्वचित बघितलं होतं. सुरेखा कशी होती, हे कुणीतरी सांगायला लागलं, तेव्हाही अप्पा उठून गेले नाहीत. ऐकत राहिले, मधूनच "न्हाई, वेणी दोन घालायची ती" अशी दुरुस्ती करत.

अक्षरा भिंतीला टेकून बसली होती. दिवसभराचं चालणं आता पायांत उतरलं होतं. निघायला पाहिजे, अंधार पडेल, असं तिच्या मनात आलं. पण अप्पा मांडी घालून बसले होते आणि हुरड्याची दुसरी मूठ तोंडात टाकत होते. म्हणून तिनंही ताटातला थोडा हुरडा मुठीत घेतला.